टार्पींचा विस्तव

सबायना रुआनच्या चुलीतला विस्तव बासष्ट वर्षांत एकदाही विझला नव्हता, आणि तो तिचा नव्हता.

तो टार्पींचा होता. शेतापलीकडे छप्पर गेलेलं, आत खाजरी झुडपं माजलेलं जे घर आहे, त्या टार्पींचा. १९५७ साली ते कुटुंब अमेरिकेला निघालं तेव्हा नोरा टार्पीनं चुलीतले निखारे फावड्यावर घेतले, शेत ओलांडलं आणि रुआनांच्या चुलीत आणून ठेवले. परत आलो की घेऊन जाऊ, असं ती म्हणाली. सबायनाच्या आईनं मान हलवली. तेव्हा क्लूनमोर गावात तशी रीतच होती. घराला कुलूप घालायचं, पण चूल थंड करून जायचं नाही. विस्तव शेजाऱ्याच्या हवाली करायचा. बहुतेकांचा विस्तव शेजाऱ्याच्या विस्तवात मिसळून जायचा आणि एखाद्या ओल्या हिवाळ्यात कुणाच्या लक्षातही न येता संपायचा. रुआनांनी तो संपू दिला नाही, एवढाच फरक.

सहा वर्षांची सबायना त्या दिवशी दार धरून उभी होती. फावड्याच्या एका बाजूला नोरा आणि दुसऱ्या बाजूला तिचा बारा वर्षांचा पॅकी, असे दोघं आत आल्याचं तिला आठवत होतं.

आई होती तोवर रोज झोपण्याआधी निखारे राखेखाली झाकायचं काम आईचं होतं. आई गेल्यावर ते सबायनाकडे आलं. दिवसा ती पोस्टात होती. एकतीस वर्षं तिनं त्या भागातली पत्रं वाटली, आधी सायकलवरून, मग हिरव्या गाडीतून. कुठल्या घरात कोण आजारी, कुणाचा मुलगा लिहीत नाही, कुणाचा कुत्रा डावीकडून चावतो, सगळं तिला ठाऊक. पण संध्याकाळी ती घरी असायचीच. चर्चच्या पॅरिशची माणसं बसनं लूर्दच्या यात्रेला गेली तेव्हा ती गेली नाही. चुलत बहिणीच्या लग्नाला डब्लिनला सकाळी गेली आणि केक कापायच्या आत परतीच्या गाडीत बसली. बॅलिनाचा युजीन मॉफट, बेकरीची गाडी चालवायचा तो, तिला मागणी घालत होता. लग्नानंतर बॅलिनात राहू म्हणाला. ती चुलीकडे बघत राहिली. तेव्हा तो हसून म्हणाला, "आण की तो विस्तवही. बादलीत घालून आण."

"तो माझा नाही," सबायना म्हणाली. "मी कसा हलवू?"

युजीननं पुढे दुसरीशी लग्न केलं. सबायना दर मंगळवारी त्याच्या बायकोची पत्रं पोचवत राहिली.

निवृत्त झाल्यावर फादरनी तिला नवं काम लावलं. अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून माणसं लिहायची: आमचे पणजोबा तुमच्या पॅरिशमधले, आम्हाला यायचं आहे. फादर ती पत्रं तिच्याकडे पाठवून द्यायचे. मग ती त्यांच्या सहलीची आखणी करून द्यायची. कुठे उतरायचं, कुठल्या रस्त्यानं यायचं, नॉकच्या विमानतळावर भाड्याची गाडी मिळते का. हिरवा कोट घालून आलो तर चालेल का, असंही एकानं विचारलं होतं. तिनं उलट लिहिलं, चालेल, पण आमच्याकडे मेंढ्यांखेरीज कुणी ढुंकून बघणार नाही. ती त्यांना कबरी दाखवायची, भिंती दाखवायची. ते भिंतीला हात लावून रडायचे आणि ती गाडीत जाऊन बसायची. तिचा धाकटा भाऊ मॅलकी म्हणायचा, सबायना लोकांना आजोबा वाटत फिरते, आधी पत्रं वाटायची तशी.

मॅलकीनंही लग्न केलं नव्हतं. तो मेंढ्या बघायचा, दलदलीतून टर्फ, म्हणजे जळणाच्या मातीच्या ढेपा, कापून वाळवायचा, आणि ज्या चुलीसाठी ते सगळं चालायचं तिची टिंगल करायचा. घरात तेलावरचं हीटर होतं. "हीटर आपल्याला आणि टर्फ टार्पींना," तो म्हणायचा. गेल्या शरदात मेंढीमागे चढ चढताना तो मध्येच बसला आणि अर्धा तास उठला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब झाली आहे. गॉलवेच्या इस्पितळात शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, मे महिन्याची चौदा.

फेब्रुवारीत टार्पींचं पत्र आलं.

पत्र पॅकीच्या मुलीचं होतं. क्लीव्हलंडची डेनिस. वडील चौऱ्याहत्तरचे झालेत, लिहिलं होतं, आणि त्यांना एकदा घर बघायचं आहे. आमच्या घरी सांगतात की आमचा विस्तव रुआनांकडे ठेवला आहे. ही गोष्ट खरी आहे का, आणि खरी असेल तर तो अजून आहे का?

सबायनानं ते पत्र दोन दिवस कपाटावर ठेवलं. जाता येता बघायची. इतकी वर्षं हे विचारायला कुणी आलं नव्हतं. मग तिनं एका ओळीत उत्तर लिहिलं. आहे.

त्यानंतर पत्रं भराभर येऊ लागली. डेनिस नीटनेटकी बाई असावी. वडिलांना पायऱ्या चढवत नाहीत, तर खालच्या मजल्यावरची खोली कुठे मिळेल? घरापर्यंत चिखल किती असतो? भिंतींत अजून चूल उभी आहे का? आम्ही आमचा विस्तव नेऊन आमच्या चुलीत पेटवू शकतो का, घटकाभर तरी? सबायना सगळ्याची उत्तरं देत होती, आणि तिला मजा येत होती. मॅलकी म्हणालाही, की तुला कुणाचं तरी लग्न ठरवल्यासारखं झालंय.

मार्चच्या शेवटी डेनिसनं दिवसाची आखणी पाठवली, चौकटी आखून. दहा चाळीसला कबरस्तान. सव्वा अकराला जुनं घर. अकरा पंचेचाळीसला रुआनांकडे विस्तव. बारा तीसला जेवण. वर तारीख होती, एक मे.

मॅलकीनं ते मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढला. "म्हणजे मला पाऊण तास मिळतो," तो म्हणाला. "जेवणाला थांबू नका म्हणावं."

"तोंडाला काही आवर आहे का?"

"मी कुठे काय म्हणालो?"

पण दोघांनाही माहीत होतं तो काय म्हणाला ते. मेच्या पहिल्या दिवशी घरातून विस्तव बाहेर जाऊ द्यायचा नसतो. निखारा नाही, राख नाही, कुणाच्या पाइपला लावलेली काडीसुद्धा नाही. त्या दिवशी जो विस्तव उंबरा ओलांडतो तो घराची बरकत सोबत घेऊन जातो, आणि वर्ष फिरायच्या आत घरातलं एक माणूस. त्यांच्या वडिलांनी एकदा एक मेला विम्याच्या माणसाला पेटता पाइप घेऊन बाहेर जाऊ दिलं नव्हतं. पाइप विझेपर्यंत त्याला तीन कप चहा पाजला. त्याची बस चुकली आणि तो परत कधी त्या रस्त्याला आला नाही. वडिलांना तसं करायला कारण होतं. त्यांच्या आईनं, म्हणजे सबायनाच्या आजीनं, एका वर्षी एक मेला गुरं बघायला आलेल्या माणसाला पाइप पेटवायला जळती काडी दिली होती. तो पाइप ओढत निघून गेला. नोव्हेंबरात तिचा थोरला मुलगा डॉमिनिक तळ्यात बुडाला. घरात यावर कुणी कधी चर्चा केली नाही. डॉमिनिकचा फोटो मात्र चुलीच्या भिंतीवर कधीच लावला नाही.

तुझा यावर विश्वास आहे का, असं कुणी विचारलं असतं तर सबायना हसली असती. पण एक मेला तिनं आजवर कुणाला काडी दिली नव्हती.

तिनं डेनिसला लिहिलं की दोन मे जास्त सोयीचा पडेल, हवा बरी असते. हवेला दोन तारखेशी काय देणंघेणं, हे लिहिताना तिचं तिलाच जाणवलं. डेनिसचं उत्तर लांबलचक होतं. विमान, हॉटेल, पुढचा सगळा प्रवास ठरून गेला आहे. क्लूनमोरसाठी तो एकच दिवस आहे. शिवाय बाबा दुसऱ्या तारखेला तयारच नाहीत. ते एक मेला तिथून निघाले होते, त्याच दिवशी परत यायचं म्हणतात. जहाजानं दुसरा दिवस दिला नव्हता म्हणे. आजी नोरा इथे आल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरात गेली, त्यामुळे बाबा त्या दिवसाबद्दल फार बोलत नाहीत, पण ही तारीख त्यांनी पक्की धरून ठेवली आहे.

खाली थरथरत्या अक्षरात, वेगळ्या शाईनं, दोन वाक्यं होती. "सबायना, विस्तव राख. मी येतो आहे."

सबायना तिथंच खुर्चीवर बसली. तिला उंबरा आठवला. उंबऱ्यावर पसरलेली पिवळी फुलं, मेच्या पहिल्या दिवशी दारात टाकतात ती, आणि त्यांवर पडलेलं नोरा टार्पीचं चिखलाचं पाऊल. इतकी वर्षं तिला ती फुलं दिसत होती आणि दिवस कोणता ते दिसलं नव्हतं.

मॅलकीनं पत्र दोनदा वाचलं. 

"मी तेव्हा सात महिन्यांचा होतो," तो म्हणाला. "ओठ निळे पडायचे माझे. फादर दोनदा येऊन अखेरची प्रार्थना म्हणून गेले होते."

"माहीत आहे मला."

"आणि मे लागला आणि मी दूध पचवायला लागलो. आईच सांगायची. मे लागला आणि पोरानं अंग धरलं."

"मॅलकी."

"आईला दिवस माहीत नसेल होय? फुलं तिनंच टाकली होती ना दारात?"

"नोरानं मग विस्तव कुठे ठेवायचा होता? ती बिचारी गाडी पकडायला निघाली होती."

"नोराला मी काही म्हणत नाही," मॅलकी म्हणाला. "आईला म्हणता आलं असतं, उद्या कुणाकरवी तरी आणू. ती म्हणाली नाही. एवढंच."

त्यानंतर सबायना मनाशी एक हिशेब मांडत राहिली. ज्याचं त्याला परत करणं म्हणजे देणं नव्हे. विस्तव टार्पींचा आहे, टार्पी नेतील. रुआनांच्या घरातून रुआनांचं काहीच जात नाही. दिवसा हे तिला पटायचं. भांडी घासताना, मेंढ्यांना हाकताना पटायचं. मॅलकीनंही तेच म्हटलं: देऊन टाक, त्याचं आहे, आणि मी काय चुलीवर चालणारं यंत्र आहे? तो हसला आणि हसता हसता धाप लागून भिंतीला टेकला.

एक मेच्या सकाळी ती खिडकीपाशी चहा घेऊन उभी होती. खाली ओढ्याकाठी कुणीतरी वाकलं होतं. तो मॅलकी होता. एका हातानं कुंपणाचा खांब धरून, मध्ये मध्ये थांबून श्वास घेत, तो पिवळी फुलं खुडत होता. आई गेल्यापासून त्या घरात कुणी दारात फुलं टाकली नव्हती. तो वर आला, फुलं उंबऱ्यावर पसरली, आणि आत येऊन न्याहारीला अंडं आहे का म्हणाला. 

तो अंडं खात असताना सबायनानं ठरवलं.

पांढरी गाडी बारा वाजायला दहा मिनिटं असताना अंगणात आली. डेनिस पन्नाशीची, रेनकोट घातलेली, हातात कागदांची फाइल. उशीर झाला म्हणून तिनं तीनदा माफी मागितली. बाबा जुन्या घरापाशी फार वेळ थांबले, त्यांनी तिथली चूल हातानं साफ केली, कोरड्या लाकडांची पिशवी तिथंच ठेवली आहे, असं ती सांगत होती. दुसऱ्या हातात झाकणाची लोखंडी बादली होती, बॅलिनाच्या दुकानातून आणलेली, किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.

मागून काठी टेकत पॅकी टार्पी आला. उंच, वाळलेला. दारात तो थांबला, खाली बघितलं, आणि म्हाताऱ्या माणसाला न शोभणारी लांब ढांग टाकून तो फुलांवरून पलीकडे आला. एकही फूल तुडवलं नाही. सबायनानं ते पाहिलं.

"आहे?" त्यानं विचारलं. बासष्ट वर्षांनंतरचा हा पहिला शब्द.

"ये, बस. थकला असशील."

तो बसला नाही. चुलीकडे बघत राहिला. टर्फ छान पेटला होता, निखारे आतून लाल. कोपऱ्यातल्या खुर्चीत मॅलकी कप हातात धरून बसला होता. पॅकी म्हणाला की आईनं ठेवला होता तिथंच आहे, डाव्या दगडाला लागून.

"पॅकी, हा तो नाही," सबायना म्हणाली.

डेनिसनं फाइल खाली घेतली.

"२००३ सालच्या जानेवारीत मला ताप आला होता. दोन दिवस मी उठले नाही. उठले तेव्हा चूल थंड होती. मी आगपेटीनं पेटवली आणि कुणाला बोलले नाही." तिचा आवाज हलला नाही. "तुझ्या मुलीला आहे म्हणून लिहिलं, तेही खोटंच लिहिलं. मला लाज वाटली. तुमचा विस्तव माझ्या हातून गेला."

मॅलकीचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. २००३च्या जानेवारीत सबायनाला शिंकसुद्धा आली नव्हती. उभ्या जन्मात तिनं एकच गोष्ट सांभाळली होती, आणि ती सांभाळली नाही असं तिनं मोजक्या वाक्यांत सांगून टाकलं होतं. ती मॅलकीकडे बघत नव्हती.

डेनिस चांगली होती. ती म्हणाली की इतकी वर्षं राखला हेच पुष्कळ आहे, मनातली भावना महत्त्वाची. ती बादली ठेवायला गाडीकडे गेली.

पॅकीनं खोलीवर नजर फिरवली. "तुझ्या आईचं एक पत्र आलं होतं आम्हाला," तो म्हणाला. "आईला दफन करून आठवडा झाला होता. लिहिलं होतं, मॅलकी आता उभा राहतो." तो मॅलकीकडे वळला. "मोठा झालास."

"पुष्कळच," मॅलकी म्हणाला. "आता जरा कमी व्हायला लागलोय."

पॅकी हसला नाही. "म्हणजे हा साधाच विस्तव."

"साधाच," सबायना म्हणाली.

"आमचा नव्हे."

"नव्हे."

"तुमचा स्वतःचा."

आता जे जाईल ते रुआनांचंच जाईल, हे सबायनाला तेव्हा कळलं, पण शब्द तोंडातून निघून गेला होता. "आमचाच."

पॅकीनं कोटाच्या खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं. नवं कोरं, वरचा कागदही न फाडलेलं. कागद काढायला त्याला वेळ लागला. मग तो काठीवर भार देऊन वाकला, चुलीशेजारच्या ढिगातून लाकडाची एक काडी उचलली, निखाऱ्यात धरली आणि सिगारेटला लावली. त्याला अडवायचं काही कारण उरलं नव्हतं. साधा विस्तव, साधी काडी.

"बसून ओढ," सबायना म्हणाली. "चहा होतोच आहे. ताजा टाकते."

"नको. डेनिसच्या कागदावर साडेबाराला जेवण आहे."

डेनिस दारात आली होती. तिनं वडिलांकडे बघितलं आणि गोंधळून सबायनाला म्हणाली, "यांनी वीस वर्षांपूर्वी सोडली. मला तर माहीतही नव्हतं यांच्याकडे पाकीट आहे."

"तीन कप घे," सबायना म्हणाली. तिनं कप मांडायला घेतले. "पॅकी, ऐक. एक तरी कप घे."

पॅकी तिच्याजवळ येऊन थांबला. पेटलेली सिगारेट त्यानं दोन बोटांत उभी धरली होती, वाऱ्यापासून आडोसा देत, मेणबत्ती धरावी तशी. "माझी आई सदतीस वर्षांची होती," तो हळूच म्हणाला. मग त्यानं तशीच लांब ढांग टाकली, फुलांवरून, आणि तो बाहेर पडला.

गाडीकडे तो गेला नाही. शेतातून पलीकडे निघाला. डेनिस त्याच्या मागे हाका मारत गेली.

सबायना चुलीकडे तोंड करून उभी राहिली. खिडकीपाशी मॅलकी उठून उभा होता.   काय दिसतं तेवढं तो सांगत राहिला. पॅकी मधल्या कुंपणापाशी पोचलाय. मुलीनं त्याचा हात धरलाय. आता भिंतीच्या आत गेले.

"ओढत नाहीये तो," मॅलकी म्हणाला. "एकसुद्धा झुरका घेतला नाही."

सबायनानं सवयीनं टर्फची एक ढेप उचलली आणि निखाऱ्यांवर ठेवली.

"चौदा तारखेला येशील ना माझ्याबरोबर?" मॅलकीनं विचारलं. "गॉलवेला. राहायला लागेल."

"येईन."

"आणि हा?" त्यानं हनुवटीनं चुलीकडे खूण केली.

सबायना खिडकीशी त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. टार्पींच्या भिंतीवरून धूर वर येत होता, आधी दोऱ्याएवढा, मग मनगटाएवढा. वारा पडला होता, तरी तो सरळ वर न जाता रुआनांच्या घराकडे झुकत होता. मॅलकीनं खिडकी लावून घेतली.